मुतारका : खलिफाचं कुलूपबंद आरमार

३० ऑक्टोबर १९१८ ची संध्याकाळ. एजियन समुद्रातल्या लेमनॉस बेटावरचं मुद्रोस बंदर. तिथे नांगरलेल्या 'अ‍ॅगमेम्नॉन' या ब्रिटिश युद्धनौकेवर उस्मानी सल्तनतीचे आरमारमंत्री रऊफ बे यांनी पंचवीस कलमांच्या एका कागदावर सही केली. समोर ब्रिटिश अ‍ॅडमिरल कॅलथॉर्प बसले होते. साडेतीन वर्षांपूर्वी याच जहाजाने दार्दानेल्सच्या तुर्की किल्ल्यांवर तोफा डागल्या होत्या. आणि अ‍ॅगमेम्नॉन हे नाव कुणाचं, तर ग्रीक कथेतल्या त्या राजाचं, ज्याने ट्रॉय जिंकलं. ते ट्रॉय लेमनॉसच्या समोरच्याच तुर्की किनाऱ्यावर आहे. हरलेल्या माणसाला सही करायला बोलावण्यासाठी याहून बोचरी जागा शोधून सापडली नसती.

आपल्या शालेय पुस्तकांत खिलाफत चळवळीला एखादा परिच्छेद मिळतो. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरला, खलिफाची गादी धोक्यात आली, हिंदी मुसलमान अस्वस्थ झाले, अली बंधू आणि गांधीजी एकत्र आले. संपलं. हा धडा शिकवताना वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, खलिफाजवळ फौज, जहाजं काहीच नव्हती का?" प्रश्न अगदी रास्त आहे. जहाजं होती. त्यांचं पुढे काय झालं हे पाहिलं, तर खिलाफतीची गोष्ट भाषणांच्या आणि ठरावांच्या बाजूने दिसते त्यापेक्षा बरीच वेगळी दिसते.

त्याआधी दोन शब्दांबद्दल बोलू द्या. भाषेच्या मास्तराची खोड आहे. हिंदी बातम्यांच्या प्रभावाने आता मराठीतही 'खिलाफत करणे' म्हणजे विरोध करणे असं लिहिलं जातं. विरोधाला उर्दूत 'मुखालफत' म्हणतात. खिलाफत म्हणजे खलिफाचं पद, उत्तराधिकार. शब्दाच्या या घोटाळ्यामुळे खिलाफत चळवळ म्हणजे कशाच्या तरी 'खिलाफ' असलेली चळवळ, असा समज करून घेतलेले पदवीधरही मला भेटले आहेत.

दुसरा शब्द 'मुतारका'. शस्त्रसंधीला उर्दू अखबारांत 'मुतारका-ए-जंग' म्हणत, आणि तुर्क लोक १९१८ ते १९२२ या काळाला आजही 'मुतारेके'चा काळ म्हणतात. मूळ अरबी धातूचा अर्थ सोडणे, टाकणे. गंमत अशी की असहकाराला आपल्या मौलवींनी जे नाव दिलं, 'तर्क-ए-मवालात', तेही याच धातूतून आलेलं. (मराठीतला 'तर्क' संस्कृत आहे, त्याचा इथे संबंध नाही.) मुतारका म्हणजे तह नव्हे. तहाने युद्ध संपतं, मुतारक्याने ते थांबतं. थांबलेल्या युद्धात हरलेल्याच्या हातातली हत्यारं कुणाची, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो, आणि मधल्या काळात जिंकणारा काय वाटेल ते करून घेऊ शकतो.

या मुतारक्यात एक धागा थेट पुण्याचा आहे. महायुद्धात इराकच्या आघाडीवर गेलेल्या सैन्याचा कणा होता सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन. ती मुंबईहून जहाजाने गेली. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी तिला कूत अल-अमारा इथे वेढलं आणि २९ एप्रिल १९१६ रोजी, १४७ दिवसांनंतर, जनरल टाउनशेंड यांनी सुमारे तेरा हजार माणसांसह शरणागती पत्करली. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, पंजाबी मुसलमान होते, राजपूत होते. कैदी शिपाई वाळवंटातून चालवत नेले गेले आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने परत आलेच नाहीत. जनरलसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या प्रिन्सेस बेटांवर बंगल्यात राहिले. ऑक्टोबर १९१८ मध्ये तुर्की सरकारला इंग्रजांशी बोलणी सुरू करायची होती, तेव्हा निरोप्या म्हणून त्यांनी याच टाउनशेंडना सोडून मुद्रोसला पाठवलं. पूना डिव्हिजनचा हरलेला सेनापती जिंकणाऱ्यांच्या बाजूचा मध्यस्थ म्हणून परतला. आपल्या साताऱ्या-कोकणातल्या शिपायांचं पुढे काय झालं, याची चौकशी त्या वाटाघाटींच्या मुख्य विषयांत नव्हती.

आता कागदाकडे. पहिल्या कलमाने दार्दानेल्स आणि बॉस्फरस दोस्तांना खुले झाले आणि तिथले किल्ले त्यांच्या ताब्यात गेले. सहावं कलम आरमाराचं. तुर्की पाण्यातली सगळी लढाऊ जहाजं स्वाधीन करायची, सांगितलं जाईल त्या तुर्की बंदरात अडकवून ठेवायची. अपवाद फक्त किनाऱ्यावरच्या पोलिसी कामासाठी लागणाऱ्या लहान नौकांचा. हा अपवाद लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. नवव्या कलमाने तुर्की गोद्यांत आपली जहाजं दुरुस्त करून घेण्याचा हक्क दोस्तांना मिळाला. सातव्या कलमाने तर सुरक्षिततेला धोका वाटल्यास कोणतंही मोक्याचं ठिकाण ताब्यात घेण्याची मुभा दिली.

आपल्याकडे असा कागद झालेला नाही असं समजू नका. ऑक्टोबर १८१२ मध्ये इंग्रजांनी कोल्हापूरच्या राजाशी तह केला, त्यात मालवण बंदर सिंधुदुर्गासह घेतलं आणि राजाने लढाऊ जहाजं समुद्रात काढायची नाहीत हेही लिहून घेतलं. ज्या किल्ल्याच्या आसऱ्याला शिवाजी महाराजांचं आरमार उभं राहिलं, त्याचा शेवट एका कलमाने झाला. समुद्रावर राज्य करणाऱ्या सत्तेला दुसऱ्याचं आरमार कसं बंद करायचं, याचा सराव शंभर वर्षांचा होता.

१३ नोव्हेंबर १९१८ रोजी दोस्तांची पन्नासहून अधिक जहाजं इस्तंबूलसमोर येऊन उभी राहिली, सुलतानाच्या दोल्माबाहचे राजवाड्याच्या खिडक्यांसमोर. ग्रीक जहाजं पाठवू नका अशी रऊफ बेंची मुद्रोसला विनंती होती. ग्रीकांची 'अवेरोफ' त्याच महिन्यात इस्तंबूलला आली. शहरात उतरलेल्या फौजांत हिंदी पलटणीही होत्या. ज्या खलिफासाठी मुंबईच्या मशिदींतून दुआ मागितली जात होती, त्याच्या शहरावर पहारा द्यायला हिंदुस्थानातलेच शिपाई उभे केले गेले. खिलाफत चळवळीचा संताप समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट पुरेशी आहे.

उस्मानी आरमारातली 'हमीदिये'सारखी जहाजं इस्तंबूलच्या खाडीत, ज्याला तुर्क हलिच म्हणतात, एका रांगेत बांधून ठेवली गेली. तोफांच्या खिट्ट्या काढल्या, दारूगोळा उतरवला, मोजके खलाशी ठेवले. तोफ जागेवर दिसते, पण डागता येत नाही. सगळ्यात मोठं जहाज 'यावूज सुलतान सेलीम'. हे मुळात 'गोबेन' नावाचं जर्मन जहाज. १९१४ मध्ये इंग्रजांनी आपल्या गोदीत तुर्कांसाठी तयार झालेली दोन मोठी जहाजं, 'सुलतान उस्मान' आणि 'रशादिये', ऐन वेळी जप्त केली. त्यांच्यासाठी तुर्क जनतेने घरोघरी वर्गणी काढली होती, खलाशी ती न्यायला इंग्लंडात येऊन थांबले होते. त्या भडक्यात जर्मनीने 'गोबेन' आणि 'ब्रेसलाऊ' देऊ केल्या आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने ओढला गेला. 'ब्रेसलाऊ' जानेवारी १९१८ मध्ये सुरुंगांवर बुडाली, 'यावूज'ही त्याच दिवशी सुरुंगांनी फाटली, पण तरंगत राहिली. मुतारक्यानंतर तिला इझमितच्या आखातात नि:शस्त्र करून ठेवलं गेलं.

जर्मनांचं आरमारही तेव्हा असंच स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो इथे अडकवलं होतं. २१ जून १९१९ रोजी जर्मन खलाशांनी झडपा उघडून ५२ जहाजं स्वतःच बुडवली. पुढच्या महायुद्धात १९४२ साली तुलाँ बंदरात फ्रेंचांनीही तेच केलं. शत्रूच्या हाती जाण्यापेक्षा तळाशी गेलेलं बरं, हा विचार त्यामागे होता. तुर्कांनी तसं काही केलं नाही. मोठी जहाजं गंजत पडू दिली आणि लढाई दुसरीकडून सुरू केली.

इकडे मुंबईत मार्च १९१९ मध्ये मियां मोहम्मद छोटानी यांच्या पुढाकाराने खिलाफत कमिटी उभी राहिली. भायखळ्याचं खिलाफत हाऊस त्या काळाची खूण आहे; ईद-ए-मिलादचा जुलूस आजही तिथून निघतो. "हिंदी मुसलमानांना तुर्कस्तानची एवढी काळजी का?" हा प्रश्न आजही खोचकपणे विचारला जातो. त्याचं साधं उत्तर असं की ५ जानेवारी १९१८ रोजी खुद्द पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी जाहीर सांगितलं होतं की तुर्कांची राजधानी आणि तुर्क वस्तीचा आशिया मायनर हिरावून घेण्यासाठी आम्ही लढत नाही. या शब्दावर भरवसा ठेवून इथल्या मुसलमानांनी शिपाई दिले, पैसा दिला. मग १५ मे १९१९ रोजी दोस्तांच्या युद्धनौकांच्या आडोशाने ग्रीक सैन्य इझमिरमध्ये उतरवलं गेलं. शब्द मोडला होता. तो मोडल्याचा राग येण्यासाठी मुसलमान असण्याचीही गरज नव्हती, आणि गांधीजींनी तेच ओळखलं.

पण माझ्या मते चळवळीची नजर चुकीच्या जहाजावर खिळली होती. ती गादीकडे पाहत होती. गादी होती इस्तंबूलमध्ये, परक्या तोफांच्या टप्प्यात. मार्च १९२० मध्ये मौलाना मोहम्मद अली लंडनमध्ये लॉइड जॉर्जसमोर खलिफाची बाजू मांडत होते. त्याच महिन्यात, १६ तारखेला, इंग्रजांनी इस्तंबूलवर उघड कब्जा केला आणि रऊफ बेंना संसदेतून पकडून माल्टाला धाडलं. एप्रिलमध्ये खलिफाच्याच शेख-उल-इस्लामने अनातोलियात लढणाऱ्यांविरुद्ध फतवा काढला. मे महिन्यात इस्तंबूलच्या लष्करी न्यायालयाने मुस्तफा कमालना मृत्युदंड सुनावला. अंकाराच्या मुफ्तींनी उलट फतवा काढला की बंदिवासातल्या खलिफाच्या नावाने निघालेला हुकूम बंधनकारक नाही. इकडे आमचे लोक एका हाताने खलिफासाठी आणि दुसऱ्या हाताने कमाल पाशासाठी चंदा गोळा करत होते. दोघांचं एकमेकांशी काय चाललं आहे, हे सभांतून फारसं सांगितलं जात नव्हतं.

ऑगस्ट १९२० मधल्या सेव्हरच्या तहाने उरलेलं आरमारही संपवलं. 'यावूज' इंग्रजांना द्यायची आणि तुर्कस्तानने सात लहान गस्ती नौका व सहा टॉर्पेडो नौका ठेवायच्या, बस्स. खलिफाच्या सरकारने सही केली. अंकाराने हा कागद मानला नाही.

अंकाराकडे तोवर समुद्रावर काय होतं? जवळजवळ काही नाही. जुलै १९२० मध्ये त्यांनी नौदल कामाचं एक छोटं खातं उघडलं. आता सहाव्या कलमातला तो अपवाद आठवा. पोलिसी कामासाठी म्हणून काळ्या समुद्रात सोडलेल्या 'आयदन रईस' आणि 'प्रेवेझे' या दोन लहान तोफनौका अंकाराला मिळाल्या आणि इंग्रजांच्या हाती पडू नयेत म्हणून नोव्होरोसिस्क या सोव्हिएत बंदरात आश्रयाला गेल्या. 'अलेमदार' ही बुडालेली जहाजं वर काढायला मदत करणारी बोट. जानेवारी १९२१ मध्ये तिच्या खलाशांनी ती इस्तंबूलहून रात्री पळवून एरेग्लीला नेली. फ्रेंच तोफनौकेने तिला पकडलं, तर खलाशांनी फ्रेंच पहारेकऱ्यांवर मात करून बोट परत मिळवली. 'रुसूमात नंबर ४' ही तर जकात खात्याची बोट, नावातच जकात आहे. रुसूम हा शब्द आपल्या जुन्या मोडी दफ्तरांतही भेटतो. १९२१ मध्ये ग्रीक युद्धनौका मागावर असताना तिने ओर्दू गावी दारूगोळा उतरवला, गावकऱ्यांनी तो वाहून नेला आणि कप्तानाने बोटीत पाणी भरून ती किनाऱ्यालगत बुडवली. ग्रीक गेल्यावर पाणी उपसून तीच बोट पुन्हा तरंगती केली गेली.

रशियाने दिलेल्या बंदुका, काडतुसं, तोफा, आणि इस्तंबूलच्या कोठारांतून इंग्रजांची नजर चुकवून पळवलेला माल, असं सगळं इनेबोलू या लहानशा गावी उतरायचं. तिथे धक्का नाही. मोठी बोट आत येऊ शकत नाही. नावाडी आपल्या होड्या काळ्या समुद्राच्या लाटांत घालून पेट्या किनाऱ्याला आणत. जून १९२१ मध्ये ग्रीक युद्धनौकांनी गावावर तोफा डागल्या, तरी काम थांबलं नाही. पुढे कास्तमोनूवरून अंकारापर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास डोंगरी रस्ता. पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून बैलगाड्या बहुतेक बायका हाकत. शेरिफे बाजी नावाची एक बाई थंडीत गाडीवर गोठून मेली, आपलं पांघरूण तिने बाळावर आणि दारूगोळ्यावर घातलं होतं, अशी आठवण तिथले लोक सांगतात. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना बैलगाडी म्हणजे काय आणि भरलेल्या गाडीचा चढ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कापसाचे गाठोडे लादून खामगावच्या बाजारात गाड्यांच्या रांगा लागत, त्याच्या आठवणी जुन्या लोकांकडे अजून आहेत. तिथे गाठोड्यांच्या जागी तोफगोळे होते.

ऑगस्ट-सप्टेंबर १९२१ मध्ये साकार्या नदीवर ग्रीकांना थोपवलं गेलं ते या मालावर. सप्टेंबर १९२२ मध्ये इझमिर परत मिळालं. ११ ऑक्टोबर १९२२ रोजी मुदानियाला दुसरा मुतारका झाला, आणि या वेळी अटी सांगणारे तुर्क होते. १९२४ मध्ये अंकाराच्या संसदेने इनेबोलूच्या नावाड्यांना इस्तिक्लाल पदक दिलं.

हिंदुस्थानातून गेलेला पैसा या लढ्यात पोहोचला. त्यातला जो भाग मुस्तफा कमाल यांच्याकडे शिल्लक राहिला तो १९२४ मध्ये 'इश बँक' उभारताना भांडवलात गेला, हे तुर्क लोक मोकळेपणाने सांगतात. आपल्याकडची बाजू तितकी स्वच्छ नाही. खिलाफत फंडातले लाखो रुपये छोटानींच्या लाकडाच्या धंद्यात अडकल्याचं चौकशीत निघालं आणि त्यांनी बदल्यात आपल्या लाकूड गिरण्या कमिटीला लिहून दिल्या. गरीब बायकांनी हातातल्या बांगड्या उतरवून दिलेला तो चंदा होता. आपल्या इतिहासात ही गोष्ट हळू आवाजात सांगितली जाते. ती मोठ्याने सांगायला हवी, कारण मदरसा, दवाखाना, पूरग्रस्त असे चंदे आजही निघतात आणि हिशेब मागणाऱ्याकडे आजही वाकड्या नजरेने पाहिलं जातं.

गादीचं काय झालं? १ नोव्हेंबर १९२२ ला सल्तनत रद्द झाली. १७ नोव्हेंबरला सुलतान वहीदुद्दीन इस्तंबूल सोडून गेले ते 'मलाया' या ब्रिटिश युद्धनौकेवरून. ती नौका मलय संस्थानांच्या पैशातून बांधलेली होती, म्हणजे बऱ्याच अंशी मुसलमान रयतेच्या करातून. त्यांचं स्वतःचं आरमार त्या दिवशीही खिट्ट्यांविना उभं होतं. ३ मार्च १९२४ रोजी खलिफाचं पदही संपलं, आणि ते इंग्रजांनी नव्हे तर अंकाराने संपवलं. इथे अनेकांना हा विश्वासघात वाटला. मला तसं वाटत नाही. ज्यांनी होड्या वल्हवल्या, गाड्या हाकल्या, त्यांनी आपल्या देशाचं काय करायचं ते ठरवलं. आपण ज्याच्यासाठी रडत होतो तो खलिफा १९१८ पासूनच कैदेत होता.

रऊफ बे माल्टाहून सुटून पंतप्रधान झाले, मग कमाल यांच्याशी बिनसलं आणि परागंदा झाले. बाल्कन युद्धात, १९१३ मध्ये, एकट्या 'हमीदिये' जहाजानिशी ग्रीक नाकेबंदी फोडून त्यांनी महिनोन् महिने शत्रूला गुंगारा दिला होता. त्याच युद्धाच्या वेळी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी मुंबईहून वैद्यकीय पथक घेऊन तुर्कस्तानला गेले होते. वीस वर्षांनी, १९३३ मध्ये, अन्सारींच्या निमंत्रणावरून रऊफ दिल्लीला आले आणि जामिया मिल्लियात त्यांची व्याख्यानं झाली. अध्यक्षस्थानी इक्बाल होते. मुद्रोसच्या कागदावर सही करणारा हात आपल्या लोकांनी तेव्हा प्रत्यक्ष पाहिला.

आणि खामगाव? आमचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात, पण मालकी निजामाची. १९०२ मध्ये तो कायमचा भाडेपट्ट्याने गेला. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद फ्रान्समध्ये निजामाच्या तनख्यावर राहत होते. नोव्हेंबर १९३१ मध्ये त्यांची मुलगी दुर्रुशेहवार हिचा निकाह नीस शहरात निजामाचे थोरले पुत्र आज़म जाह यांच्याशी झाला. १९३६ मध्ये वऱ्हाडाबद्दल नवा करार झाला, तेव्हा इंग्रजांनी निजामाची कागदावरची मालकी मान्य केली आणि आज़म जाहना किताब दिला, 'प्रिन्स ऑफ बेरार'. त्या नात्याने खलिफाची मुलगी आमच्या वऱ्हाडची राजकन्या झाली. ना इथला सारा तिच्या नावाने जमा होत होता, ना इथली कचेरी तिच्या हुकमात होती. ती २००६ मध्ये लंडनमध्ये वारली. हैदराबादच्या पुरानी हवेलीत तिच्या नावाचा दवाखाना आहे, आणि तिथे आजही लहान मुलांवर उपचार होतात.